एक पाट, दोन बागा: दोन ऑपरेटिंग सिस्टिम चालवणाऱ्या चिपमध्ये क्लॉक आणि वीज कशी वाटून घ्यावी

विजयदुर्गच्या खाडीतल्या एखाद्या धक्क्यावर भरती-ओहोटीची पातळी नोंदवणारे यंत्र बसवायचे आहे, असे समजू. पाण्याची पातळी दर सेकंदाला, एकही वाचन न चुकवता मोजायची आणि दर पंधरा मिनिटांनी जमलेली वाचने मोबाइल नेटवर्कवरून पाठवायची, एवढेच त्याचे काम आहे. यातले पहिले काम हलके पण वक्तशीर आहे. दुसऱ्याला नेटवर्क, फाईल सिस्टिम आणि एन्क्रिप्शन असा सगळा संसार लागतो, मात्र त्याला घाई नसते. अशा जोडीसाठी आज एकाच चिपमध्ये दोन प्रकारचे कोअर, म्हणजे प्रोसेसर, मिळतात. उदाहरणार्थ, एसटीएम३२एमपी१५७ या चिपमध्ये लिनक्स चालवणारे दोन कॉर्टेक्स-ए७ कोअर आहेत आणि त्यांच्याशेजारी फ्रीआरटीओएस किंवा झेफर यांसारखी छोटी, वक्तशीर ऑपरेटिंग सिस्टिम चालवू शकणारा, २०९ मेगाहर्ट्झपर्यंत धावणारा एक कॉर्टेक्स-एम४ कोअर आहे.

हा खटाटोप मुख्यतः विजेसाठी करावा लागतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सौर पॅनलवर भरवसा ठेवता येत नाही, कारण सलग चार दिवस सूर्य न दिसणे ही कोकणात रोजची गोष्ट आहे. बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीत ८४ वॅट-अवर ऊर्जा मावते आणि लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची असेल, तर त्यातली निम्मीच, म्हणजे ४२ वॅट-अवर, वापरावी. लिनक्स सतत जागा ठेवून यंत्र दीड वॅट घेत असेल, तर ही ऊर्जा २८ तासांत संपते. लिनक्सला बहुतेक वेळ झोपवून सरासरी पाव वॅटवर आणता आली, तर तीच बॅटरी सात दिवस पुरते. हा सगळा फरक झोपेने साधतो, आणि नेमक्या त्या झोपेतच दोन कोअरमधली भांडणे सुरू होतात.

भांडणाचे कारण असे, की कोअर दोन असले तरी चिपच्या घटकांना ठोके देणारे क्लॉक बनवणारे पीएलएल, ती क्लॉक चालू-बंद करणारी गेटे, एकत्र वीज मिळणाऱ्या भागांचे गट म्हणजे पॉवर डोमेन आणि वीज पुरवणारे बाहेरचे रेग्युलेटर एकच असतात. सिंधुदुर्गात पोफळीच्या बागांना पाटाचे पाणी पाळीपाळीने मिळते. वरच्या बागेच्या मालकाने आपले शिंपणे आटोपले म्हणून पाटाच्या तोंडाशीच बांध घातला, तर त्याच्या मनात काहीही वाईट नसताना खालची बाग सुकते. लिनक्स नेमके हेच करतो. त्याची क्लॉक व्यवस्था प्रत्येक क्लॉकचे वापरकर्ते मोजते आणि मोजणी शून्यावर आली की क्लॉक बंद करते. हिशेब चोख असतो, पण त्यात फक्त लिनक्सचे स्वतःचे ड्रायव्हर धरलेले असतात. शेजारच्या कोअरवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम तेच क्लॉक वापरत आहे, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

आधी कागदावर पाट काढा

कोडची एक ओळ लिहिण्याआधी एक तक्ता करावा. चिपच्या संदर्भ पुस्तिकेतला क्लॉक-वृक्षाचा नकाशा समोर ठेवून, एम४ जे जे घटक वापरणार आहे त्यांच्यापासून उगमापर्यंत मागे चालत जावे. घटकाचे गेट कोणते, त्याच्या वरचा, क्लॉकचा उगम ठरवणारा निवडक, म्हणजे मक्स, कोणता, त्याच्या वर कोणता पीएलएल, तो कोणत्या ऑसिलेटरवर चालतो, घटक कोणत्या पॉवर डोमेनमध्ये आहे, सेन्सरला वीज देणारा रेग्युलेटर कोण चालू-बंद करतो, रिसेटची ओळ कोणाच्या हाती आहे आणि पिना कोणत्या जीपीआयओ बँकेतल्या, म्हणजे पिनांच्या गटातल्या, आहेत, हे सगळे त्यात यावे. प्रत्येक नोंदीसमोर तोच भाग लिनक्सकडूनही वापरला जातो का, हे लिहावे.

या पायरीवर घाई करू नये, कारण धोका बहुधा गेटात नसून एक पायरी वर असतो. एसटीएम३२एमपी१५७ मध्ये यूसार्ट-२ आणि यूआर्ट-४ ही दोन स्वतंत्र सिरियल पोर्टे आहेत आणि त्यांची गेटेही वेगळी आहेत, पण दोघांना क्लॉक पुरवणारा मक्स एकच आहे. तसेच आयटूसी या सेन्सर जोडण्याच्या दोन तारांच्या पोर्टांपैकी आयटूसी-१ आणि आयटूसी-२ यांचे, आणि आयटूसी-३ व आयटूसी-५ यांचे. या चिपच्या विकास-बोर्डांवर यूआर्ट-४ हा लिनक्सचा कन्सोल असतो. म्हणून सेन्सर यूसार्ट-२ वर जोडून ‘पोर्ट तर वेगळे आहे’ असे समाधान मानले, तरी दोघे एकाच पाटावर राहतात. लिनक्सने त्या मक्सचा उगम ६४ मेगाहर्ट्झच्या अंतर्गत ऑसिलेटरवरून समजा ५० मेगाहर्ट्झच्या दुसऱ्या उगमावर नेला, तर एम४ने १,१५,२०० च्या बॉड रेटसाठी, म्हणजे सिरियल जोडणीच्या गतीसाठी, ठरवलेला भाजक तसाच राहतो आणि प्रत्यक्ष बॉड रेट सुमारे ९०,००० वर येतो. सिरियल जोडणी साधारण दोन-तीन टक्क्यांपर्यंतचा फरक सोसते, बावीस टक्के नाही. सेन्सर कचरा पाठवू लागतो आणि माणूस दोन दिवस वायरिंग तपासत बसतो. तक्ता आधी केला असता, तर सेन्सर यूआर्ट-७ वर गेला असता.

मालक एकच ठरवा

तक्ता झाला की प्रत्येक सामायिक गोष्टीचा मालक ठरवावा. व्यवहारात तीन मांडण्या आढळतात आणि कोणती घ्यायची हे बरेचसे चिपच ठरवते.

पहिल्या मांडणीत वाटणी हार्डवेअरच करते. एसटीएम३२एमपी१५७ मध्ये प्रत्येक घटकाच्या गेटासाठी ए७ची आणि एम४ची अशी दोन वेगळी रजिस्टरे, म्हणजे नियंत्रणाच्या नोंदी, आहेत, आणि दोघांपैकी एकाने जरी ‘चालू’ म्हटले तरी क्लॉक वाहत राहते. लिनक्सने आपले मत मागे घेतले, तरी एम४चे मत कायम राहते. ही उत्तम सोय आहे, पण ती गेटापुरती आहे. वर सांगितलेले मक्स आणि पीएलएल तिच्या कक्षेत येत नाहीत.

दुसऱ्या मांडणीत लिनक्स मालक असतो आणि छोटा कोअर त्याच्याकडे संदेशाने मागणी करतो. ती समजायला सोपी आहे आणि प्रयोगशाळेत छान चालते. मात्र मालकच झोपणार असेल, तर मागणी ऐकणार कोण, हा प्रश्न उरतो. आपल्या खाडीवरच्या यंत्रात लिनक्स दिवसाचा बहुतेक वेळ झोपलेला असणार. त्यामुळे एम४ला लिनक्स झोपेत असताना लागणारी कोणतीही गोष्ट या मार्गावर ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. सेन्सरचा रेग्युलेटर सुरुवातीला एकदाच चालू करून कायम ठेवायचा असेल, तर मात्र ही मांडणी पुरेशी आहे.

तिसऱ्या मांडणीत मालकी तिसऱ्याच कोअरकडे किंवा सुरक्षित फर्मवेअरकडे जाते. पाणीवाटपावर नेमलेल्या पाटकऱ्यासारखी त्याची भूमिका असते. त्याची स्वतःची बाग नसते, त्याच्याकडे सगळ्यांच्या मागण्यांची वही असते, आणि शेवटची मागणी संपल्याशिवाय तो पाट बंद करत नाही. एनएक्सपीच्या आय.एमएक्स ८क्यूएम मध्ये यासाठी एक वेगळा कॉर्टेक्स-एम४ राखून ठेवला आहे आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एएम६२ मालिकेत हे काम एका कॉर्टेक्स-आर५वरचे फर्मवेअर करते. या संवादासाठी आर्म कंपनीने एससीएमआय नावाचा प्रमाणित करार प्रसिद्ध केला असून लिनक्समध्ये तो २०१८ साली, ४.१७ या आवृत्तीपासून आहे. त्यात पॉवर डोमेन, कार्यगती, क्लॉक, रिसेट आणि व्होल्टेज यांसाठी स्वतंत्र प्रोटोकॉल आहेत. क्लॉकचा क्रमांक हेक्स १४ आणि पॉवर डोमेनचा हेक्स ११. प्रत्येक कोअर हा त्यात एक मागणीदार असतो. नवीन चिप निवडण्याचे स्वातंत्र्य असेल आणि दोन्ही बाजू स्वतंत्रपणे झोपणार असतील, तर मी ही तिसरी मांडणीच निवडेन.

लिनक्सला स्पष्ट शब्दांत सांगा

माझ्या स्वतःच्या पहिल्या बोर्डावर, ज्यात गेटाचे रजिस्टर दोन्ही कोअरना मिळून एकच होते, छोटा कोअर लिनक्सच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरनेच सुरू केला होता. लिनक्स सुरू होत असताना वाचने व्यवस्थित येत होती आणि लॉगिनची ओळ दिसायच्या सुमारास ती थांबत. फर्मवेअर अडकलेले नव्हते. ते आयटूसीच्या उत्तराची वाट पाहत होते आणि ते उत्तर येणार नव्हते. कारण पुढे सापडले. बूटच्या अगदी शेवटी लिनक्स एक फेरी मारतो आणि चालू असलेली पण कोणाच्याही नावावर नसलेली सगळी क्लॉक बंद करतो. वीज वाचवण्यासाठी ती फेरी योग्यच आहे. चूक माझी होती, कारण ते क्लॉक कोणाचे आहे हे मी त्याला सांगितलेच नव्हते.

यावर सगळीकडे पहिला उपाय सुचवला जातो तो म्हणजे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ‘सीएलके इग्नोर अनयूज्ड’ हा पॅरामीटर देणे. निदानासाठी तो अवश्य वापरावा. तो दिल्यावर बिघाड नाहीसा झाला, तर कारण निश्चित होते. पण तो यंत्रात कायमचा ठेवू नये. एकतर त्यामुळे खरोखरच निरुपयोगी असलेली क्लॉकही जळत राहतात, आणि दुसरे म्हणजे तो फक्त त्या एका फेरीपुरता असतो. पुढे एखाद्या ड्रायव्हरने तेच क्लॉक घेऊन सोडले, तर मोजणी शून्यावर येऊन ते बंद होतेच. पॉवर डोमेनसाठी असलेल्या ‘पीडी इग्नोर अनयूज्ड’ या पॅरामीटरलाही हेच लागू आहे.

कायमचा उपाय डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे लिनक्सला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाईलमध्ये, असतो. एम४ला दिलेला घटक लिनक्सच्या बाजूने ‘डिसेबल्ड’ ठेवावा, म्हणजे त्याचा ड्रायव्हर चढणार नाही. तेवढ्याने क्लॉक वाचत नाही, म्हणून ते क्लॉक लिनक्समधल्या कोणाच्या तरी नावावर लावावे. सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे शेजारचा कोअर सुरू-बंद करणाऱ्या रिमोटप्रॉक ड्रायव्हरने छोट्या कोअरच्या वतीने ते क्लॉक, रेग्युलेटर आणि पॉवर डोमेन धरून ठेवणे आणि कोअर थांबवला की सोडणे. ही चिप बनवणाऱ्या एसटी कंपनीच्या कर्नलमध्ये यासाठी साधनसंपत्ती व्यवस्थापक आहे. इतरत्र हे काम करणारा लहानसा ड्रायव्हर लिहावा लागतो, आणि तो शंभर ओळींत होतो. क्लॉकला लिनक्सने हात लावू नये असे सांगणारा डिव्हाइस ट्रीतला ‘प्रोटेक्टेड क्लॉक्स’ हा गुणधर्म सर्वच क्लॉक ड्रायव्हर मानत नाहीत, म्हणून आपला ड्रायव्हर वाचून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये. क्लॉकला ‘क्रिटिकल’ ठरवले तर ते कधीच बंद होत नाही. पीएलएलसाठी हे एकवेळ चालेल, पण सेन्सरच्या गेटासाठी ती उधळपट्टी आहे.

गतीचेही असेच आहे. क्लॉक चालू ठेवणे आणि त्याची वारंवारता न बदलू देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी क्लॉक धरून ठेवणाऱ्या आपल्या धारक ड्रायव्हरने क्लॉकच्या गतीवर अनन्य हक्क घ्यावा. त्यासाठी कर्नलमध्ये ‘सीएलके रेट एक्सक्लुझिव्ह गेट’ हे फंक्शन आहे. एसटीएम३२एमपी१५७ मध्ये ए७ आणि एम४ यांचा गाभ्याचा पुरवठाही सामायिक आहे. त्यामुळे लिनक्सला व्होल्टेज उतरवता येत असेल, तर रेग्युलेटरची किमान मर्यादा डिव्हाइस ट्रीमध्ये दोघांच्या गरजेतली जास्त असेल तिच्यावर बांधावी.

फर्मवेअरने घरमालक व्हायचे नाही

बहुतेक नमुना फर्मवेअर छोटा कोअर एकटाच आहे असे धरून लिहिलेली असतात आणि सुरुवातीलाच संपूर्ण क्लॉक-वृक्ष नव्याने मांडतात. लिनक्स शेजारी चालू असताना असे केले, तर लिनक्सच्या पायाखालची जमीन सरकते. म्हणून ते फंक्शन फक्त एकट्याने चालण्याच्या, विकासाच्या बूट-प्रकारातच बोलवावे. एसटीच्या उदाहरणांत तशी अट घातलेली आहे, ती काढू नये. सामायिक पद्धतीत फर्मवेअरने क्लॉक मांडायचे नाहीत, तर वाचायचे. मक्स आणि भाजकांची रजिस्टरे वाचून प्रत्यक्ष वारंवारता काढावी, बॉड रेटचा भाजक त्यावरून ठरवावा आणि वारंवारता अपेक्षेप्रमाणे नसेल, तर तसा संदेश पाठवून थांबावे. गप्प राहून चुकीची पातळी नोंदवणारे यंत्र हे बंद पडलेल्या यंत्रापेक्षा वाईट असते, कारण त्या आकड्यांवर कोणी होडी हाकारत असतो.

सामायिक रजिस्टर लिहिताना आणखी एक सापळा असतो. एकच रजिस्टर दोघेही ‘वाचा, एक बिट बदला, परत लिहा’ या पद्धतीने लिहीत असतील, तर एकाचे वाचणे आणि लिहिणे यांच्या मधल्या क्षणी दुसऱ्याने केलेला बदल पुसला जातो. हा बिघाड लाखातून एकदा घडतो आणि म्हणूनच चाचणीत सापडत नाही. जिथे बिट लावण्याचे आणि बिट काढण्याचे पत्ते वेगळे दिलेले आहेत, तिथे नेहमी तेच वापरावेत, कारण त्यात वाचण्याची गरजच नसते. जिथे तशी सोय नाही, तिथे हार्डवेअर सेमाफोर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरला मिळणारे कुलूप, घ्यावा. लिनक्समध्ये त्यासाठी एचडब्ल्यू-स्पिनलॉक ही चौकट आहे. जीपीआयओ बँकांसाठी कोणता सेमाफोर वापरायचा, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असले पाहिजे. एकच बाजू कुलूप पाळत असेल, तर ते कुलूप नसल्यासारखेच आहे.

झोपेचा करार

आता मूळ हेतूकडे येऊ. एसटीएम३२एमपी१५७ मध्ये दोन्ही बाजूंच्या झोपेच्या अवस्था वेगवेगळ्या मोजल्या जातात आणि संपूर्ण चिप ‘स्टॉप’ अवस्थेत तेव्हाच जाते, जेव्हा दोन्ही बाजू थांबायला तयार असतात. ए७ झोपला पण एम४ धावत असेल, तर चिप जागीच राहते. म्हणजे एम४नेही दर सेकंदाचे वाचन झाले की लगेच झोपले पाहिजे आणि ३२.७६८ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालणाऱ्या टाइमरने उठले पाहिजे. ‘वेट फॉर इंटरप्ट’ या झोपेच्या आज्ञेऐवजी रिकामा फिरणारा एक लूप लिनक्सने वाचवलेली सगळी वीज खाऊन टाकतो.

लिनक्स झोपला की डीडीआर ही चिपबाहेरची मुख्य मेमरी स्वतःला ताजे ठेवण्याच्या अवस्थेत जाते आणि तिला हात लावता येत नाही. म्हणून एम४चे कोड, डेटा आणि दोघांमधल्या संदेशांची बफर ही सगळी चिपच्या अंतर्गत मेमरीत, म्हणजे एसरॅममध्ये, असावीत. या चिपमध्ये ती एम४साठी ३८४ किलोबाइट आहे. पंधरा मिनिटांत ९०० वाचने होतात. प्रत्येकासाठी चार बाइट धरले तर ३,६०० बाइट पुरतात, आणि नेटवर्क पूर्ण एक दिवस गेले तरी साडेतीनशे किलोबाइटच्या आत काम होते. पण कोड आणि बफर धरून ते काठोकाठ भरते, म्हणून जुनी वाचने मिनिटाच्या सरासरीत आटवण्याची सोय आधीच करून ठेवावी.

झोपण्याआधीची देवाणघेवाण ठरलेल्या क्रमाने व्हावी. लिनक्सच्या बाजूच्या ड्रायव्हरने ‘मी झोपतो आहे’ असा संदेश पाठवावा. एम४ने चालू असलेला संदेश पुरा करून, यापुढे आपण फक्त स्वतःच्या मेमरीत लिहू असे ठरवून, होकार द्यावा. होकार ठरलेल्या वेळेत आला नाही, तर ड्रायव्हरने ‘व्यस्त’ ही चूक परत करून झोप रद्द करावी. हा होकार वगळून पुढे जाण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास अर्धा लिहिलेला संदेश पुढच्या जागेपणी बिघडलेल्या रांगेच्या रूपाने समोर येतो.

उठतानाही काळजी घ्यावी लागते. खोल झोपेत पीएलएल बंद झालेले असतात आणि जागा झालेला कोअर अंतर्गत ऑसिलेटरवर चालू लागतो. एम४ आधी उठला, तर त्याने जुनी गती गृहीत धरून सेन्सरशी बोलू नये. एकतर त्याने आपला क्लॉक-वृक्ष झोपण्याआधी जपून ठेवलेल्या मूल्यांवरून, सेमाफोर घेऊन, परत मांडावा, किंवा सेन्सरचा क्लॉक मुळातच पीएलएलऐवजी त्या अंतर्गत ऑसिलेटरवरून घ्यावा. मी दुसरा मार्ग घेतो. वारंवारता थोडी कमी नेमकी असते, पण झोपेच्या आधी आणि नंतर तीच राहते.

एक जण कोसळला तर

एम४चे फर्मवेअर अडकले, तर लिनक्स रिमोटप्रॉकमार्फत त्याला पुन्हा सुरू करू शकतो. मात्र त्याने चालू ठेवलेली क्लॉक-मते आपोआप पुसली जातीलच असे नाही, म्हणून धारक ड्रायव्हरने थांबवण्याच्या वेळी ती स्वतः साफ करावीत. एससीएमआयमध्ये एका मागणीदाराची सगळी मांडणी मूळ स्थितीत आणण्याचा आदेश आहे, तो वापरावा. उलट लिनक्स कोसळला, तर एम४ने मोजणी चालूच ठेवली पाहिजे, आणि त्यासाठी वॉचडॉगचा, म्हणजे अडकलेली सिस्टिम पुन्हा सुरू करणाऱ्या टाइमरचा, रिसेट संपूर्ण चिपला लागतो की फक्त ए७ला, हे तक्त्यातच लिहिलेले असावे.

धक्क्यावर नेण्याआधी

पहिली तपासणी म्हणजे डीबग-एफएस या लिनक्सच्या तपासणीसाठीच्या फाईल सिस्टिममधली ‘सीएलके समरी’ ही फाईल. आपल्या तक्त्यातले प्रत्येक क्लॉक तिच्यात शोधून त्याची मोजणी किमान एक आहे का आणि वारंवारता अपेक्षित आहे का, हे पाहावे. पॉवर डोमेनसाठी ‘पीएम जेनपीडी समरी’ आहे. मात्र या दोन्ही फाईल लिनक्सला जे वाटते ते सांगतात. प्रत्यक्ष काय वाहते आहे ते पाहायचे असेल, तर क्लॉक बाहेर काढणाऱ्या एमसीओ पिनेवर ऑसिलोस्कोप लावावा. त्यानंतर लिनक्सच्या बाजूचे शेजारी ड्रायव्हर एकेक करून चढवावेत आणि उतरवावेत; एम४चे वाचन ज्या क्षणी अडखळते, तिथे नकाशात राहून गेलेला पाट सापडतो.

शेवटची तपासणी दीर्घ असावी. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे जातात. यंत्र अशा दोन भरत्यांइतका वेळ, म्हणजे २४ तास ५० मिनिटे, बॅटरीवर चालू द्यावे, आणि लिनक्सला आरटीसीवेक या आज्ञेने दर पंधरा मिनिटांनी झोपवत-उठवत राहावे. प्रत्येक वाचनाला एम४ने स्वतःचा क्रमांक द्यावा. अखेरीस ८९,४०० क्रमांक सलग मिळाले पाहिजेत. त्यातला एक जरी नसेल, तर त्या क्षणाची वेळ लिनक्सच्या झोपेच्या लॉगशी जुळवून पाहावी. माझ्या अनुभवात हरवलेले क्रमांक बहुधा जागे होण्याच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत सापडतात.